अंगावर काही न्हाय

आईला त्या पार्कमध्ये न्यायचं खूळ माझंच. आमच्या शाळेतले शिक्षक वर्षातून एकदा घरच्यांना घेऊन कुठंतरी जातात आणि दरवर्षी मी काहीतरी सबब सांगून टाळते. दुसऱ्यांच्या पोरांच्या चपला सांभाळत बाकावर बसायला मला आवडत नाही. या खेपेला मात्र मी आपणहून नाव दिलं, आणि एक नाही, दोन नावं दिली. बेळगावच्या पुढं हायवेला नवीन झालेलं ते पार्क होतं. आकाशपाळणा, पाण्यातल्या घसरगुंड्या, बर्फाची खोली, होडीतून फिरायचं तळं. आई शहात्तर वर्षांची. तिला यातलं काय झेपणार होतं, असं कुणीही विचारलं असतं, आणि दोघा-तिघांनी विचारलंही.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं घर सोडायचं ठरवलं होतं, आणि मला ते थांबवायचं होतं.

आम्ही निपाणीचे जैन. निपाणीच्या घरात आम्ही दोघीच. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ-बहीण मला नाहीत, लग्न मी केलं नाही. आप्पा गेल्यावर आईनं एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. कांदा-बटाटा आमच्याकडं कधी नव्हताच. तिनं आधी टीव्ही सोडला, मग रंगीत लुगडी, मग दोन वेळचं जेवण. दुपारी एकदाच जेवायचं आणि त्याच वेळी पोटभर पाणी प्यायचं, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. भोवळ येऊन देवळात एकदा पडली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, पाणी कमी पडतंय, मूत्रपिंडावर येईल. फार विनवण्या केल्यावर तिनं दुपारपासून दिवस मावळेपर्यंत पाण्याची तेवढी सवलत घेतली. मी शाळेत तास घेत असायची आणि डोक्यात एकच, आज ही पाणी प्यायली असेल का? घरी येऊन मी आधी तांब्यात डोकावून बघायची. सहा वर्षं माणूस एवढंच करत राहिला की दमतो. मी दमले होते.

गेल्या चातुर्मासात सदलग्याला एक महाराज होते. आईला मी दर रविवारी गाडीनं तिकडं न्यायची. तिथं तिनं महाराजांना सांगितलं, मला आता घरात राहायचं नाही, त्यागींच्या आश्रमात जायचंय. महाराज लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, एक नियम घ्या, तो वर्षभर पाळून दाखवा, मग बघू. अंगावर दागिना घालायचा नाही, असा साधा नियम त्यांनी सांगितला. आप्पा गेल्यापासून आईच्या अंगावर दागिना नव्हताच, म्हणजे महाराजांनी तिला सोप्यातला सोपा नियम दिला होता.

तर आई हात जोडून म्हणाली, "दागिनाच कशाला महाराज, धातूच नको म्हणा. आजन्म."

"आजन्म?" महाराजांनी विचारलं.

"व्हय."

मंडपात जयजयकार झाला. मी मागं खांबाला टेकून बसले होते. पाठ दुखत होती, सोमवारचा पेपर काढायचा राहिला होता, आणि आता हिचं हे धातूचं प्रकरण कसं निभवायचं याचाच विचार माझ्या डोक्यात होता.

निभवलं आम्ही. पोलक्यांचे हूक काढून नाड्या लावल्या. पदराची पिन गेली. किल्ल्यांचा जुडगा कमरेला असायचा, तो माझ्या पर्समध्ये आला. चष्म्याच्या दांड्यांना बारीक स्क्रू असतात, ते चष्मेवाल्याकडून काढून घेऊन तिथं दोरा बांधला. तो माणूस माझ्याकडं असं बघत होता की मी दुसऱ्या गावातल्या दुकानात गेले असते तर बरं झालं असतं. आईला मात्र या सगळ्यात काय हुरूप यायचा! सकाळी आंघोळ करून आली की दोन्ही हात पुढं पसरून मला दाखवायची, "बघ. अंगावर काही न्हाय." सहा महिने तिनं तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. मी दिवस मोजत होते ते वेगळ्या भीतीनं. वर्ष भरलं की ती जाणार होती.

म्हणून ते पार्क. मला वाटलं, माणसं बघेल, पोरंबाळं बघेल, होडीत बसेल, हसेल, जरा इकडं ओढली जाईल. इतका बाळबोध डाव मी माझ्या चौथीच्या वर्गातही टाकला नसता.

फेब्रुवारीतला रविवार होता. बाकीची मंडळी बसनं आली. आईला बसची पायरी चढता येत नाही म्हणून आम्ही दोघी आमच्या जुन्या गाडीनं गेलो. गेटवर ही भली रांग. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पुढं एक चौकट उभी केली होती, तिच्यातून जायचं, आणि पलीकडं खाकी साडीतली एक बाई हातात यंत्राची काठी घेऊन उभी. पर्स उघडा, डबा उघडा, पाण्याची बाटली बाहेर ठेवा. आईचं गाळून उकळलेलं पाणी आत न्यायला मी दहा मिनिटं हुज्जत घातली आणि आजारी माणूस आहे म्हणून जिंकले. आमच्यापुढच्या एका नव्या नवरीला बांगड्या, जोडवी, कमरपट्टा असं सगळं काढायला लावलं होतं, आणि तिची सासू ते सगळं पदरात धरून उभी होती. आई त्या दोघींकडं जरा कौतुकानं, जरा कीव करत बघत होती. अख्ख्या रांगेत तिच्याइतकं निर्धास्त कुणी नव्हतं.

"माझ्याकडं काही न्हाय बघ बाई," तिनं त्या खाकीवालीला आधीच सांगून टाकलं आणि ती चौकटीतून गेली. चौकट कोकलली.

परत जा म्हणाले. परत गेली, परत आली, चौकट परत कोकलली. मागची पोरं हसायला लागली. मी पुढं सरकले तर मला अडवलं, एकावेळी एकच. ती खाकीवाली बाई आईला म्हणाली, गळ्यात काय आहे काढा. आईनं मान मोकळी करून दाखवली. कमरेला? काही नाही. बाईनं काठी वरून खाली फिरवली. डोकं, कान, गळा, हात, कुठं हूं नाही की चूं नाही. गुडघ्यापाशी आली आणि काठी किंचाळली. दुसऱ्या गुडघ्यावरही तसंच.

"अज्जी, ऑपरेशन आगेदेन्री?" बाईनं विचारलं. ऑपरेशन झालंय का.

"हौदवा," आई हो म्हणाली. आम्हा सगळ्यांना कानडी येतं. "चार वर्षं झाली. दोन्ही गुडघ्याच्या वाट्या बदलल्यात."

"मग बरोबर," बाई म्हणाली. "आत स्टील असतं. म्हणून वाजतंय. डॉक्टरचं कार्ड आहे?"

कार्ड होतं. निपाणीला, कपाटात, आप्पांच्या औषधांच्या पिशवीत. चार वर्षांत अशा चौकटीतून जायचा प्रसंग आला नव्हता. आम्ही देऊळ, दवाखाना आणि सदलगा सोडून जात कुठं होतो? मी रांगेतूनच ओरडून सांगायला लागले, मुलगी आहे मी त्यांची, सांधे बदललेत, कुठल्याही दवाखान्यात विचारा. कोण विचारणार होतं दवाखान्यात? एक साहेब आला. तो म्हणाला, आत पडद्यामागं नेऊन व्रण बघा आणि सोडा. वाईट माणसं नव्हती ती. त्यांचं काम करत होती, सकाळपासून उन्हात उभी होती.

मलाही पडद्याआड जाऊ दिलं. आईनं लुगडं गुडघ्यावर घेतलं. दोन्ही पायांवरचे ते उभे लांब व्रण बघून खाकीवाली चुकचुकली, म्हणाली, "झालं अज्जी, जावा." आई जागची हलली नाही.

"ते परत लाव," ती म्हणाली.

बाईला कळेना. आईनं तिच्या हातातल्या काठीकडं बोट दाखवलं. बाईनं गंमत म्हणून आधी स्वतःच्या बांगड्यांवर लावली. वाजली. मग आईच्या गुडघ्यावर. तस्साच आवाज.

"परत लाव," आई म्हणाली.

बाईनं परत लावली. आईनं तिला स्वतःच्या मनगटावर लावायला सांगितलं, तिथं ती गप्प. गुडघ्यावर, वाजली. बाहेर रांग ओरडत होती, साहेबानं पडद्याबाहेरून हाक मारली, आणि आई एखाद्या पोरानं नापासाचा निकाल पुन्हा पुन्हा बघावा तशी ते ऐकत होती. मी म्हणाले, "आई, चल आता." तिनं लुगडं सोडलं, सारखं केलं, आणि पार्ककडं न वळता उलटी गेटाबाहेर चालायला लागली.

बाहेर तिकिटाच्या खिडकीजवळच्या कट्ट्यावर ती बसली. "माझा नियम मोडला," म्हणाली. "घेतला त्या दिवशीच मोडलेला हुता."

मी दोन तास समजूत घातली. अंगावर आणि अंगात यात फरक आहे म्हणाले. मुद्दाम नाही केलंस म्हणाले. ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, महाराज प्रायश्चित्त देत नाहीत तोवर पोटात काही जाणार नाही. अन्न नाही आणि पाणीही नाही.

आदल्या दिवशी दुपारी जेवली होती ती. आज पार्कमध्ये सावलीत बसवून मी तिला डबा देणार होते. म्हणजे चोवीस तासांच्या उपाशी बाईनं भर उन्हात पाणी सोडलं होतं. आणि दिवस मावळला की प्रायश्चित्त मिळूनही उपयोग नव्हता, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती थेंब घेणार नव्हती. देवळातली ती भोवळ माझ्या डोळ्यांपुढं आली.

आणि तरी, खरं सांगते, मला आनंद झाला. नियम मोडला म्हणजे वर्ष फुकट गेलं. हे पोलाद काही निघणारं नव्हतं, म्हणजे आई घरातच राहणार होती. इतक्या काळजीत इतका आनंद कसा होऊ शकतो कोण जाणे, पण झाला.

चातुर्मास संपला की महाराज एका जागी राहत नाहीत, चालत राहतात. आमच्या समाजाचा फोनवर एक गट आहे, त्यावर विहाराची बातमी येते. बघितलं तर महाराजांचा संघ गोव्याच्या वाटेला लागलेला, सकाळी खानापुरात होता. सहकाऱ्यांना निरोप पाठवून मी गाडी काढली.

खानापूरपर्यंत आई ओठ हलवत णमोकार मंत्र म्हणत होती. मध्येच थांबून म्हणाली, "तुला ठाऊक हुतं?"

"हुतं. पण ध्यानात न्हाय आलं."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"डॉक्टरांनी सांगितलंतं की. हातात घेऊन दाखवलंतं. तू शेजारीच बसलीवतीस."

ती जरा आठवत राहिली. "मी तवा णमोकार म्हणत हुते," म्हणाली. "मला भ्या वाटत हुतं."

मग बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "जळतं का गं ते?"

"न्हाय जळत."

खानापुरात कळलं, संघ दुपारचं सामायिक, म्हणजे ध्यान, आटोपून पुढं गेला, गुंजीला शाळेत मुक्काम. पाण्याची बाटली मी तिच्यापुढं धरली तर तिनं तोंड फिरवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. गुंजीत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी इतकी सावकाश गेली की मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मला त्या क्षणी कुणावर राग नव्हता, गाडीवर नव्हता, आईवर नव्हता. मला फक्त झोपायचं होतं.

शाळेच्या पटांगणात पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. महाराज व्हरांड्यात लाकडी पाटावर बसले होते. पावलं फुटलेली, चेहरा ओढलेला. तेही दमले होते. बायकांनी ठेवायचं ते सात हात अंतर ठेवून आम्ही बसलो. आईनं नमोस्तु म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पायात लोखंड हाय महाराज, मला कळलंच न्हाय.

महाराजांनी विचारलं, "काढता येतं का?"

आईच्या आधी मीच बोलले. "नाही येत महाराज. काढलं तर चालता येणार नाही. म्हणजे हा नियम तिला कधीच जमणार नाही. आश्रमाचं तुम्हीच नको म्हणा. तुमचं ऐकेल ती." माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे श्रावक बघायला लागले. मला त्याची पर्वा नव्हती.

 महाराज आईला म्हणाले, "मी दागिना म्हटलं होतं. धातू तुम्ही जोडलात. झेपेल तेवढंच बोलावं." नऊ वेळा णमोकार म्हणायला सांगितला आणि महिनाभर मीठ सोडायला. आता नियम दागिन्यापुरताच, म्हणाले. रक्तदाबासाठी मीठ कमी करा म्हणून डॉक्टर चार वर्षं ओरडत होते. इथं ती एका वाक्यात तयार झाली.

"आणि आश्रम?" आईनं विचारलं.

"वैशाखात या. वर्ष भरायला नको." त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलली, दिवसभरातले दोष कबूल करायच्या सायंकाळच्या प्रतिक्रमणाची वेळ झाली होती. "पण लेकीची अनुमती घेऊन या. घरच्यांच्या अनुमतीशिवाय आम्ही घेत नाही."

मी बाटली घेऊन धावले. आई पटांगणाच्या कडेला बसून नऊ णमोकार पुरे करत होती आणि मी मावळतीकडं बघत उभी होते. घाई कर म्हणायची सोय नव्हती. तिनं डोळे उघडले, ओंजळ धरली, मी ओतलं. घटाघटा प्यायली. परत धरली. तिच्या गळ्याची ती हालचाल बघत मी तिच्याशेजारी मातीतच बसले. बाटली रिकामी झाली तरी थोडा उजेड उरला होता.

"अनुमती" हा शब्द दोघींपैकी कुणीच काढला नाही. ती तोंड पुसत म्हणाली, "एक सांगून ठेवते. मी गेल्यावर रक्षाविसर्जनाला तू येशील. राखंत ते दोन तुकडे राहतील. जळत न्हाय म्हणालीस न्हवं. ते घरला आणू नको. तिथंच सोड. माझं म्हणून काही मागं ऱ्हायला नको."

सहा वर्षं मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत आले होते. हुकांना हो, चष्म्याच्या दोऱ्याला हो, एका वेळच्या जेवणाला हो.

"आणणार," मी म्हणाले.

"काय?"

"आणणार मी ते. तू सगळं सोड, मला सोड. पण ते मी घरला आणणार आणि ठिवणार. माझ्याकडं तुझं दुसरं काय ऱ्हातंय?"

मला रडू येत होतं आणि ते लपवायचं त्राण नव्हतं. आई रागावेल असं वाटलं. इतका घोकून घोकून केलेला त्याग, आणि शेवटी लेक राखेतून दोन पोलादी तुकडे उचलून घरी नेणार! संघातल्या लोकांचं प्रतिक्रमण सुरू झालं होतं, त्यांचा आवाज व्हरांड्यातून येत होता. मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा खरखरून.

"बरं," ती म्हणाली. "मग नीट धुऊन ठिव. राख लागलेली असंल."

त्यावर मी तिला अनुमती दिली. तिनं मागितली नव्हती. मी तिचा हात धरून उठवलं आणि म्हणाले, "वैशाखात सोडते तुला."